दोन्ही डब्यांना कुंकू

...बसा वैनी, बसा, मावशी तुमी बी बसा, ब्लाउज तयार न्हाई म्हणून तोंड पाडू नका, अन् आरतीला काही बोलू नका, तिची काहीच चूक न्हाई, चूक माझी हाय, सगळी माझी... आत मशीन चालू हाय ना? येतोय आवाज? मग सांगतो.

तुमाला सांगतो, बायकोला मदत करावी हा विचार वाईट हाय का? आमच्या आरतीचा भरतकामाचा कॉम्प्युटर असा झाल्ता की सकाळी बटन दाबायचं, चहा ठेवायचा, प्यायचा, कप विसळायचा, तरी पडद्यावर गोल गोल फिरूनच राहिलंय. आत एक डबी असती, एसएसडी म्हणत्यात, काडेपेटीहून मोठी, चपटी, कॉम्प्युटरचं सगळं डोकं तिच्यातच. ती भरल्ती गच्च. औशातल्या अर्ध्या बायकांच्या पाठीवरचे मोर, कैऱ्या, कमळं, सगळी डिझाइनं तिच्यात, आरतीनं एकेक रेघ स्वतः ओढलेली, आमची लेक साक्षी मांडीवर झोपलेली असायची तवापासून. म्या म्हणलं, मोठी नवी डबी आणू, अन् जुनीतलं सगळं जसंच्या तसं नवीत उतरवू. लातूरचा मुनीब, ज्याच्याकडून डबी घेतली, तो बिचारा म्हणला, "रामलिंगभाऊ, कॉम्प्युटर घेऊन या, मी करून देतो." म्या म्हणलं, कशाला? म्या व्हिडिओ बघितलाय. पूर्ण बघितलाय!

आता आली खंडेनवमी. तुमी बी पुजता ना, विळा, कोयता, शिलाईचं मशीन? आमच्या मायनं, कस्तुराबाईनं, पाट मांडला. म्या कॉम्प्युटर पुसून जुनी डबी भाईर काढली, नवीच्या शेजारी पाटावर ठेवली. दोन्ही एकाच कंपनीच्या, दोन्ही काळ्या, जुळ्या बहिणीवानी. पण मी काय येडा हाय का? हिकमत केली. नवीला कुंकवाचं बोट लावलं, कुंकू असंल ती नवी, अन् नारळ आणायला गेलो. वापस येतो तर दोघींच्या कपाळाला कुंकू, अन् मधी फुलं मावावीत म्हणून इकडची तिकडं सारलेली! माय म्हणली, "नवीला लावलास, अन् जुनीनं काय पाप केलं रे? इतकी वर्सं राबली ती."

म्या मनाशी ठरवलं, उजवीकडची जुनी. आरतीला विचारायला काय झाल्तं? पण मग ती म्हणली असती, मुनीबकडं न्या. जोडल्या दोन्ही. पडद्यावर इंग्रजीत आलं, ह्या डबीतलं सगळं पुसलं जाईल, चालंल का? तुमीच सांगा, मोबाइल दिवसभर काही बी विचारतो, आपण कधी वाचतो का? 'हो' दाबतो. दाबलं. अन् काय वेग, मावशी! व्हिडिओतल्या माणसाला लई वेळ लागल्ता, माझा चहा गार व्हायच्या आत काम झालं. मायला म्हणलो, बघ, नवी डबी कशी पळती! पळणारच की... कोऱ्या डबीतलं कोरं उतरवायला कितीसा वेळ लागतोय?

आत मशीन चालू हाय ना? हां.

नवी डबी बसवून बटन दाबलं तर पडदा काळाच, मग मुनीबकडं दोन्ही डब्या नेल्या. त्यानं लावून बघितल्या, माझ्याकडं बघितलं, अन् माझ्यासाठी चहा मागवला. तवाच कळलं मला.

आरती ओरडली असती तर बरं झालं असतं हो. ती नुसती त्या काळ्या पडद्यापुढं बसून राहिली, माउसवर हात ठेवून. अन् माय मागं उभी, म्हणून राहिली, "माझ्याच कुंकवानं झालं गं बाई, मीच करंटी." आरती म्हणली, "न्हाई हो आत्या, तुमचं काय त्यात." अन् मी? मायच्या माथी जाऊ दिलं, जेवलो बी. मग बघतो तर मायनं देवाला बी कुंकू लावायचं सोडलं, म्हणती, माझा हात बरा न्हाई. मग न्हाई राहवलं. सांगून टाकलं, पडद्यानं विचारल्तं, म्याच न वाचता 'हो' म्हणलं.

आरती एवढंच म्हणली, "डिझाइनं कॉम्प्युटरातून गेली, बायकांच्या कपाटातून न्हाई गेली. जुने ब्लाउज गोळा करा, बघून परत काढते. तुमीच जायचं. अन् कशाला पाहिजेत ते खरं सांगायचं."

आता गड्यानं दारोदार जाऊन काय म्हणावं? वैनी, तुमचा ब्लाउज द्या? जहांगीरभाईच्या दारात उभा राहिलो, म्हणलं, रजियाभाभीचा ईदचा ब्लाउज पाहिजे. जहांगीरभाईनं पेपर खाली ठेवला. "क्या रे रामलिंग, तबियत तो ठीक हाय?" सगळं ऐकल्यावर हसून हसून बेजार, मग स्वतः आणून दिला, म्हणले, "ले जा, पण ह्याला बी कोरा करून आणू नको."

असं करत करत आली डिझाइनं वापस. तुमची कैरी बी आली, वैनी. एकच राहिलं... मशीन चालू हाय ना? जरा इकडं सरका. तिचं पहिलं डिझाइन, मागं मान वळवलेला मोर. स्वतःच्याच ब्लाउजवर काढल्ता, कुणा गिऱ्हाइकाला कधी दिला न्हाई. रोज पेट्या उपसून राहिली ती. मी बी उपसून राहिलो तिच्यासंगं... म्हणजे उपसल्यावानी करून राहिलो. कामून की तो पेटीत न्हाई. खंडेनवमीला कॉम्प्युटर पुसायला मऊ फडकं पाहिजे होतं. खुंटीवर जुना ब्लाउज दिसला. म्या कात्री घातली, ती बी बरोबर मोराच्या मानेतून.

हे आत बोलू नका. दिवाळी होऊ द्या, मग मीच सांगतो, आईशप्पथ सांगतो...

मशीन... कधी बंद झालं?

वैनी, मावशी, तुमी या आता. दिवाळीचं सोडा, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ब्लाउज मिळतोय का बघा.