ढेकळाला भाकर समजणारं कासव

देवगाव फाट्यावर जिंतूरच्या गाडीची वाट पाहत व्यंकटराव पेपरात तोंड खुपसून बसले होते. कान मात्र शेजारच्या धनगर नवराबायकोकडे होते. मल्हारी आणि बानूबाईच्या मधे बादलीत एक कासव होतं.

"येलदरीच्या धरणात सोडलं की सुटलो, बाने. तिथनंच धरून आणलं व्हतं मी, विहिरीचं पानी साफ ऱ्हाईल म्हनून."

"सात वर्सांनी आठवलं व्हय, त्याला घर हाय म्हनून?"

"एवढ्याश्या विहिरीत गोल गोल फिरायलंय. बगवना."

"अन् तिथं जाळीवाले हायती, त्येंचं काय? मानूस दिसला की हे भाकर मागायला जातंय. पयल्याच दिशी कालवनात पडंल."

"म्हनून तर म्हैनाभर ढेकळं मारली. मानसाचं भ्या बसावं म्हनून."

"बगितलंय मी. हातभर लांब पडायचं तुमचं ढेकूळ."

"लागंल की त्याला! जरा बाजूलाच मारीत व्हतो."

"मग बसलं का भ्या?"

"न्हाई. भाकर समजून ढेकळाकडंच यायचं."

बानूबाईनं फडकं सोडलं, भाकरीचा तुकडा बादलीत टाकला.

"आता कशाला? सवय मोडायची हाय ना त्याची?"

"माहेराला उपाशी धाडत्यात का कुनी?"

तेवढ्यात गाडी आली. व्यंकटरावांनी पेपराची घडी घातली.

"पाव्हणं, जिंतूरची आली. चला."

"तुमी व्हा म्होरं, मालक. आमी मागच्या गाडीनं येतो."

"तिसरी गाडी सोडली ही," बानूबाई बादलीत बघत म्हणाली, आणि जागची उठली नाही.