हुंगलेली फुले

मी चन्नबसम्मा भ्र. बसप्पा फुलारी, वय ५२ वर्षे, धंदा फुलांची बागायत व हारविक्री, रा. सेलू, जि. परभणी. आज दि. ९/८/१९९३ रोजी पोलीस ठाण्यात बोलावल्यावरून स्वतः हजर राहून सांगते ते असे.

मी वरील ठिकाणी पती, दीर व जाऊ भागम्मा यांच्यासह राहते. गावाशेजारी आमचा मोगरा व गुलछडीचा मळा आहे. महादेवाच्या मंदिरात आमच्याच घरची फुले जात होती. दोन वर्षांपासून व्यापारी बन्सीधर शेठ रेल्वेने लांबून स्वस्त गुलाब आणतात. आमच्या एका हाराच्या पैशात त्यांचे तीन येतात. आमचा धंदा बसला. शेठनी माझ्याविरुद्धच्या तक्रारीत तसे लिहिले आहे, ते खरे आहे.

भागम्मा शेठकडे हार ओवायला जात होती. दोरा दातात धरायची तिला सवय आहे. मागच्या आठवड्यात ती ओवता ओवता आडवी झाली, तोंडाला फेस आला. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले, शेतात फवारायला गेली होती का. ती शेतात गेलेलीच नाही. मी तिचे हात हुंगले. कपाशीवर मारतात त्या औषधाचा वास होता. ती वाचली. नजर अजून धूसर आहे, मला ती आवाजावरून ओळखते.

मी शेठना सांगायला गेले तेव्हा ते म्हणाले, "देवाच्या फुलाला कसला वास हाय, कोण बघितलंय?" हे मात्र बरोबर आहे. हुंगलेले फूल देवाला चालत नाही, म्हणून कोणी हुंगत नाही. आम्ही तर ओवताना नाकावर पदर बांधतो. या रीतीच्या आडून औषध देवाच्या अंगावर जात होते. पूजेनंतर तेच फूल बाया लेकरांच्या डोळ्यांना लावतात. मला लय राग आला.

आज श्रावणी सोमवार. सकाळी शेठच्या गुलाबांच्या पाट्या मंदिराच्या पायऱ्यांवर उतरल्या. मी एकेका पाटीवरचे ओले फडके काढून नाक खुपसले व सगळ्यांना ऐकू जाईल असे सांगितले, "ही हुंगली. ही बी हुंगली." पाकळ्यांत मधमाश्या मरून पडल्या होत्या. आमच्या मळ्यात त्या हाकलून फूल तोडावे लागते. शेठ म्हणाले, "बाई, डोकं फिरलंय का तुमचं?" मी म्हणाले, "डोकं ठिकाणावर हाय, नाकबी ठिकाणावर हाय. तुमी घ्या की वास." त्यांनी घेतला नाही. मी मंदिरामागे जाऊन उलटी केली, ते कोणी पाहिले नाही.

मंदिराचे पुजारी मल्लिकार्जुन स्वामी यांनी पाट्या परत पाठवल्या. शेठचा माल वाया गेला, हे मला मान्य आहे. आमच्या घरची एकच टोपली होती, तेवढ्या फुलांवरच पूजा झाली. महादेवाने तक्रार केली नाही, शेठनी केली.

माझे पती शेजारी बसून, "चुकून झालं म्हण, सोडतेत," असे म्हणायलेत. तसे लिहू नये. आमच्या घराण्यात आजवर कोणी देवाचे फूल हुंगले नव्हते. मी हुंगले. समजून उमजून हुंगले. पुढच्या सोमवारी असल्या पाट्या आल्या तर पुन्हा हुंगेन.

वरचे सगळे मला वाचून ऐकवले. 'समजून उमजून' हे शब्द त्यात आहेत, म्हणून बरोबर आहे.