रिकामी आहे गो!

अरे, बँकेत वॉचमन लागण्याआधी रत्नागिरीत बंदुकीचं ट्रेनिंग घेतलं, तेव्हाचं सांगतो. सर म्हणाले, "बंदूक रिकामी केली की नळी वर धरायची आणि मोठ्याने सांगायचं." माझी पाळी आली नि तोंडातून गेलं, "रिकामी आहे गो!"

सगळे फिदीफिदी हसले. सरांनी विचारलं, "कोणाला हाक मारतोस रे?"

"आईला. दोघं हयात होती तेव्हा बाबा काजूच्या बागेतली डुकरं हाकलून आले की अंगणातूनच असं ओरडायचे. आईनं ओ दिल्याशिवाय बंदूक घरात यायची नाही."

"बरं बरं, ठेव ती टेबलावर."

माझे पायच निघेनात. "या, चहा टाकलाय" असं आतून अजून कोणी म्हणालंच नव्हतं ना.