अनुभव: कोथिंबीर

"काका, अनुभव काहीच नसेल तर रेझ्युमेत काय लिहायचं?"

मैत्रिणींनी पैज लावली म्हणून निकितानं टायपिंगच्या दुकानात, भर रांगेत विचारलं खरं. पण साड्यांच्या दुकानातली सुट्टीपुरती नोकरी हुकेल, ही धाकधूक तिची स्वतःची होती.

"'नाही' टाकू?" काकांनी विचारलं.

मागे दोन बायका कुजबुजल्या.

"बुधवारी गंगेवर, नदीकाठच्या बाजारात कोथिंबीर विकते, तीच ना गं ही?"

"तीच! परवा शिळी जुडी हसत हसत गळ्यात मारली माझ्या."

"आणि म्हणे अनुभव नाही!"

मैत्रिणी फिस्सकन हसल्या. निकिताचे कान तापले.

"थांबा काका, 'नाही' खोडा!"

घरात शिरताच ती म्हणाली, "आई, पप्पा, ठरलं! अनुभवात आपलं बाजारातलं भाजीचं दुकान लिहिलंय, चार वर्षं. चौकशीचा फोन आला, तर शिळ्या जुडीचं तेवढं बोलू नका."