बत्ताशाचं मुसकं

माझं माहेर वेंगुर्ल्याच्या खाली, खाडीकाठी, आमच्या घरात बायका काथ्या वळायच्या, नारळाची सोडणं खाडीत कुजत घालायची, मग ती बडवायची, पिंजायची आणि मांडीवर वळून वळून सुंभ करायचं, लग्न होऊन मुंबईत आली त्याला जमाना झाला पण हात विसरत नाय. हे आधी सांगते कारण ते मुसकं मी माझ्या हाताने केलं होतं, विकत कुठे मिळत होतं तसलं. आणि वर लोक मलाच बोलले, की बैलाला मळणीत बांधतात ते ही बाई घोड्याला बांधते, डोकं फिरलंय हिचं.

लग्न करून आली ती भायखळ्याला, चाळीत. सासरे व्हिक्टोरिया हाकायचे, पण मी आली तेव्हा सासरे नव्हते आणि व्हिक्टोरियापण नव्हती, चाळीच्या मागे पत्र्याची शेड तेवढी राहिलेली आणि शेडीत माझ्या छातीला लागेल एवढा एक पांढरा घोडा. आमच्या ह्यांनी माथेरानच्या घोडेवाल्याकडून आणलेला, नाव ठेवलं बत्ताशा. दुपार कलली की हे त्याला घेऊन गिरगावच्या चौपाटीवर जायचे, पोरांना फेऱ्या द्यायचे. मी गिरणीत, वायंडिंगला, सूत गुंडाळायच्या खात्यात. ह्यांना सगळे भाऊ बोलायचे, अख्खी चाळ, बाजारातले भाजीवाले, सगळे. गोड माणूस, मी नाय बोलत नाय.

आता काय सांगू तुमाला, पावसाळ्यात चौपाटीवर फेऱ्या बंद, आणि रे रोडला लाकडाच्या वखारींच्या मागे मोकळी जागा होती तिकडे हे एवढं गवत. हे सकाळी त्याला तिकडे नेऊन सोडायचे, चरतोय दिवसभर, काम काय नाय. त्या वर्षी पाऊस संपता संपता बघते तर बत्ताशाच्या मानेवर चरबीची वळी आलेली, पोट दोन्ही बाजूंनी बाहेर, आणि उभा राहायचा तो पुढचे पाय पुढे टाकून, सगळा भार मागे, जसं काय जमीन तापलीय. हे बोलले, बघ कसा राजासारखा उभा राहतो. मी टापेला हात लावला. गरम. म्हटलं राजा नाय, आजारी आहे तो.

परळला जनावरांच्या दवाखान्यात नेला. डॉक्टर भला माणूस, जास्त बोलायचा नाय. त्याने बरगडीवर बोटं दाबली, बोलला बाई, इथे हाड लागायला पायजे, मला नुसती चरबी लागतेय. बोलला ही बुटकी जात अशीच, मोठा घोडा जेवढ्यावर जगतो त्याच्या पाव हिश्श्यावर ही फुगते, आणि चरबी वाढली की पायात उतरतं, टापेच्या आतलं हाड फिरतं, मग एक दिवस बसला की उठणार नाय. मी विचारलं मग बांधून ठेवू का शेडीत. नको, बोलला, चालायला पायजे, हिंडायला पायजे, फक्त तोंडाला असं काहीतरी घाला की गवताचे शेंडे तेवढे येतील, पाणी पिता येईल, घास भरता येणार नाय. मी बोलली मुसकं. तो बोलला हां, तेच, पण तळाला भोक ठेवा.

घरी येऊन काथ्या आणला आणि बसली. पहिलं केलं त्याचं भोक मोठं झालं, पठ्ठ्याने त्यातून मूठ मूठ गवत ओढलं. दुसरं केलं ते एवढं बारीक की बिचारा अर्धा दिवस तोंड खाली घालून नुसता उभा, माझ्याकडे बघतपण नव्हता. तिसरं जमलं. काथ्या टोचतो म्हणून नाकावर आणि गालाच्या हाडावर जुन्या लुगड्याची पट्टी शिवली, जबड्याशी दोन बोटं जातील एवढी जागा ठेवली. चार-पाच दिवसांत तो शिकला हो, मुसकं जमिनीला टेकवायचं, थोडं हलवायचं, शेंडा आत आला की ओठाने ओढायचा. शेडीत आला की काढायचं आणि सुकं गवत मोजून द्यायचं. एवढंच करायचं होतं. एवढंच.

पण ते करू देतील तर ती माणसं कसली. पहिली सासू. गो, मुक्या जनावराचा त्वांड कित्याक बांधलंस गो, पाप लागात तुका. रोज सकाळी हेच. मी चपाती करत असायची आणि त्या उंबऱ्यात बसून आल्यागेल्याला सांगायच्या की सून घोड्याला उपाशी मारते. मग चाळीतल्या बायका शेडीत जाऊन गूळ-चणे द्यायच्या, बाजारातून कोबीचा पाला यायचा, वखारीतले हमाल आपल्या डब्यातली भाकरी मुसक्याच्या भोकातून आत सारायचे. मी भांडली. सगळ्यांशी भांडली. मग आमच्या चाळीतल्या वसंताला सांगितलं, तो गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होता, अक्षर चांगलं, चळवळीचे फलक तोच रंगवायचा, त्याच्याकडून पाटी करून घेतली, याला काही खायला घालू नये, डॉक्टरांचा हुकूम आहे. ती बत्ताशाच्या गळ्यात बांधली. तर लोक पाटी वाचायचे, बोलायचे अरेरे आजारी आहे वाटतं, आणि आजारी म्हणून त्याला केळं द्यायचे. आता डोकं कुठे आपटायचं सांगा तुमी.

आणि हे. मी गिरणीतून यायची तर मुसकं खुंटीला. का काढलं, तर म्हणे शेजारचे नारायणदादा आले होते, त्यांच्या नातीला घास भरवायचा होता. दुसऱ्या दिवशी आणखी कोण. अहो तो मरेल, मी बोलायची. नाय मरत गं, एका घासाने काय होतंय, लोक एवढ्या प्रेमाने देतात. तरी मी धरून ठेवलं, पहाटे पाळीला जायच्या आधी स्वतः बांधायची, गाठ अशी मारायची की ह्यांना सुटू नये. दिवाळी झाली आणि एके दिवशी बरगडीवर हात दाबला तर बोटांना हाड लागलं. टाप थंड. मानेवरची वळी मऊ पडलेली. काय सांगू, मी शेडीत एकटी हसली, त्याच्या कपाळाला कपाळ लावलं.

तेव्हा संयुक्त महाराष्ट्राचं सगळं पेटलेलं होतं. गोळीबार होऊन गेला होता, गिरणगावात घराघरात तेच बोलणं. उगाच समजू नका की मला त्याचं काय नव्हतं, मी मोर्चात जायची, खांद्यावर लाठी बसलीय माझ्या, हात वर करताना अजून कळ येते. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे, हे मी घसा फुटेपर्यंत ओरडलीय. म्हणून जास्त राग येतो.

त्या दिवशी मी पाळीला होती. लालबागकडून मोर्चा येत होता आणि हे बत्ताशाला रे रोडवरून घेऊन येत होते, वाटेत गाठ पडली. वसंता पुढे होता. कोणीतरी बोललं बघा, सरकारने आमची तोंडं बांधली तशी ह्या घोड्याची बांधलीय. टाळ्या पडल्या. मग कोणीतरी बोललं सोडा त्याला, मोकळा करा. आणि वसंताने मुसकं कापलं, उंच फेकलं, घोषणा दिल्या, बत्ताशाला हार घातला, झेंडा लावला, मोर्चाच्या पुढे घेतला. दुकानादुकानातून गूळ, चणे, पेढे, एका गाडीवाल्याने हिरव्या गवताचा अख्खा भारा समोर टाकला. मी पाळी सुटून आली तेव्हा तो शेडीत हार घालून उभा, पोट ढोलासारखं, आणि हे आनंदाने रडत होते. बोलले आज बत्ताशाने काय मान मिळवला गं.

तिसऱ्या दिवशी तो बसला. टापा तव्यासारख्या. मी ओल्या मातीचे लेप लावले, बर्फाचं पाणी ओतलं, वसंताने स्वतः बर्फाच्या लाद्या खांद्यावर आणल्या. डॉक्टर घरी आला, बराच वेळ खाली बसून बघत राहिला. बोलला हाड फिरलंय, आता नुसता त्रास आहे त्याला, सुई देऊन मोकळा करतो, मालक कोण, हो बोला. मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि बाहेर निघून गेले. हो मी बोलली. सुई दिली तेव्हा त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. बाहेर बायका बोलत होत्या, उपाशी ठेवून ठेवून मारला शेवटी.

महिनाभर मी वसंताशी बोलली नाय. मग एकदा नळावर त्याला धरलाच, म्हटलं पाटी तू रंगवलीस, तुला ठाऊक होतं डॉक्टरने सांगितलंय, मग कापलंस कसं. त्याचा चेहरा उतरला. बोलला वहिनी, मी भाऊंना आधी विचारलं, कापू का, डॉक्टरचं काय. भाऊ बोलले काप रे काप. तुमची गाठ सुटेना, तर भाऊंनीच पुढे होऊन पानवाल्याकडून सुरी आणून दिली.

मी घरी आली. हे जेवत होते. विचारलं खरं का हे. हातातला घास ताटात ठेवला, बोलले, एवढी माणसं होती गं, सगळी खूश होती, नाय कसं बोलायचं. मुसकं घोड्याला होतं हो, तुमाला नव्हतं ना. तेवढं बोलली मी, आणि ताट उचललं. त्यानंतर चाळीस वर्षं संसार केला, वाईट नाय झाला, पण हा विषय आमच्यात पुन्हा निघाला नाय.

महाराष्ट्र झाला, मुंबई मिळाली, मी पण पेढे वाटले, खोटं नाय बोलणार. त्यातलं कोणाला काय मिळालं ते तुमी लिहिणारी माणसं बघा. गिरण्या गेल्या, शेड गेली, वसंता गेला, सासू गेल्या त्या शेवटपर्यंत मला कजाग बोलत गेल्या. हे गेले तेव्हा खांदा द्यायला भायखळ्याच्या बाजारातून लोक आले होते, जिन्यात पाय ठेवायला जागा नव्हती. देव त्यांना सुखी ठेवो, माझं काय म्हणणं नाय.

अजून कोणी ना कोणी येतं भेटायला. इथेच बसतात, तुमी बसलात तिथे, ह्यांच्या फोटोकडे बघतात आणि बोलतात, भाऊंसारखा माणूस होणार नाय, कधी कोणाला नाय बोलले नाय. मी बोलते हो. आणि चहा ठेवायला आत जाते, नायतर तोंडातून काहीतरी निघेल.