हॉलबेकेच्या चर्चची मान

कोलेटा : कॉफी घे आधी. मग सांग, चर्च वाकडं होतं ते सरळ कुणी केलं?

(बेल्जियममधलं हॉलबेके, १९२४. युद्धात गाव मातीला मिळालं, चर्चसकट. आता चर्च पुन्हा उभं राहिलंय आणि उद्या सकाळी बिशप येऊन त्याला आशीर्वाद देणार आहेत. पाद्री अलॉइसच्या स्वयंपाकघरात तिघं भावंडं बसली आहेत : त्याचं घर सांभाळणारी थोरली विधवा बहीण कोलेटा, मधला अलॉइस, आणि धाकटा यूस्ट. चर्च यूस्टनंच बांधलंय.)

यूस्ट : वाकडं म्हणजे?

कोलेटा : उगाच भोळा बनू नकोस. रेमी घरी येईपर्यंत आत पाऊल टाकणार नाही म्हणाले होते मी. उद्या दुपारी माझं लेकरू येतंय, म्हणून आज फुलं ठेवायला गेले. दार उघडलं आणि समोर वेदी! नाकासमोर. आपल्या चर्चमध्ये दारातून वेदी कधी दिसली होती का रे?

यूस्ट : नव्हती दिसत. ती चूक होती, ताई. दाराकडचं दालन गोल कमानीवाल्यांचं. दोनशे वर्षांनी टोकदार कमानीवाले आले, त्यांनी वेदीकडचं अंग पाडून उंच बांधलं, आणि आखणीची दोरी धरताना चुकले. ते अंग डावीकडे कललं.

अलॉइस : चुकले म्हणे! गावातलं शेंबडं पोर सांगेल, क्रुसावर येशूची मान कलली होती, म्हणून आपली वेदी कलती.

यूस्ट : दादा, तू शिकलेला माणूस. ही कहाणी लोकांनी मागाहून रचली.

अलॉइस : असेल रचलेली. पण पिढ्यान्‌पिढ्या गुडघे टेकलेत तिच्यासमोर. आणि तू मान धरून सरळ केलीस.

कोलेटा : आणि माझे सोनेरी देवदूत? ते गालफुगे?

यूस्ट : ते तर फारच अलीकडचे. केसांचे टोप घालून मिरवणाऱ्यांच्या काळातले. टोकदार कमानींवर त्यांनी चुना फासला, सोनं थापलं, ढग काढले. मिठाईचं दुकान झालं होतं ताई, चर्च कुठलं!

कोलेटा : आई म्हणायची, ते सगळे आपल्या अलॉइससारखे दिसतात.

अलॉइस : ते राहू दे आता.

कोलेटा : का राहू दे? हसायची ती त्यांच्याकडे बघून. चर्चमध्ये हसायला तेवढंच होतं तिला. यूस्ट, गाव पत्र्याच्या झोपड्यांत राहतंय अजून. आमची घरं मागून बांधा म्हणाले लोक, आधी चर्च. अट एकच घातली. होतं तसं.

यूस्ट : होतं तसं म्हणजे कधीचं? आजोबांच्या वेळचं, की त्यांच्याही खापरपणज्याच्या? प्रत्येकानं आधीच्याचं मोडलंच की! गोल कमानी टोकदारवाल्यांनी पाडल्या, टोकदार कमानी टोपवाल्यांनी झाकल्या. त्यांना कुणी लबाड म्हणालं नाही. मलाच का?

अलॉइस : कारण ते म्हणाले, आम्ही नवं करतोय. तू म्हणालास, हे जुनंच आहे.

यूस्ट : मलाही नवंच करायचं होतं! काच, काँक्रीट, भरपूर उजेड. नकाशे घेऊन आलो तेव्हा हसलात तुम्ही. धान्याचं गोदाम म्हणालात.

अलॉइस : म्हणून सूड उगवलास?

यूस्ट : सूड? दादा, जीव ओतलाय मी त्यात. पहिल्या कारागिरांच्या मनात जसं असेल तसं केलं. निर्मळ. एकाच हातचं.

कोलेटा : मेलेल्यांच्या मनातलं कळलं तुला. आम्ही जिवंत होतो, आम्हाला विचारायला काय धाड भरली होती? आणि अलॉइस, तू तर रोज जात होतास तिथं. तुला दिसलं नाही?

अलॉइस : दिसलं. पाया खणला तेव्हाच दिसलं.

कोलेटा : आणि गप्प बसलास.

अलॉइस : वाटलं, छप्पर तरी येतंय डोक्यावर. लोकांच्या लक्षात येणार नाही.

कोलेटा : वा! एकानं केलं, दुसऱ्यानं झाकलं. शाबास रे माझ्या भावांनो.

यूस्ट : ताई, पण एवढं काय बिघडलं? सांग ना. सगळ्या बाकांवरून वेदी दिसते आता.

कोलेटा : आपल्या बाबांना नेलं ते आठवतं? शवपेटी कुठे थांबली होती?

यूस्ट : वळणावर.

कोलेटा : हां. दालन संपून वेदीचं अंग सुरू होतं, तिथं. सरळ जाताच यायचं नाही. खांदेकरी थांबायचे, पाय फिरवायचे, खांदा बदलायचे. तेवढ्यात घरच्या बायका पुढे व्हायच्या आणि पेटीवर हात ठेवायच्या. आईनं बाबांवर ठेवला. मी आईवर ठेवला. कुणी शिकवलं नव्हतं, कुठल्या पोथीत नव्हतं. वळण होतं म्हणून होतं.

अलॉइस : खरंय. मी प्रार्थनासुद्धा तिथं थांबवायचो.

कोलेटा : माझ्या रेमीला सैन्यानं तिकडे आघाडीवरच पुरलं. तोंड नाही बघितलं मी त्याचं. आता उकरून आणतायत, पेटीत काय आहे, देव जाणे. मी एवढ्याच आशेवर होते, की वळणावर हात ठेवीन. उद्या तो कुठे थांबणार, यूस्ट?

यूस्ट : आपण... आपण खांदेकऱ्यांना सांगू ना. मधल्या खांबापाशी थांबा म्हणावं. मी खडूनं खूण करतो.

कोलेटा : खडूनं!

अलॉइस : ताई, वाईट नाही ते. मीच हात वर करीन, ते थांबतील.

कोलेटा : आणि सगळं गाव बघेल, आता कोलेटा रडणार म्हणून. तसं नव्हतं ते. पेटी जड व्हायची, माणसं अडायची, आणि त्या गडबडीत आपला हात जायचा. नको. जाऊ दे त्याला सरळ.

यूस्ट : ताई, चुकलो मी.

कोलेटा : चुकायला हवं होतंस, दोरी धरताना. उद्या तू खांदा देऊ नकोस.

यूस्ट : मामा आहे मी त्याचा!

कोलेटा : आहेस ना. पण बाकीचे पाचजण गावातले आहेत. त्यांचे पाय सवयीनं वळायला जातील, अडखळतील कदाचित. तू असलास, तर त्यांना सरळ घेऊन जाशील.