सुभाषची कडक सीट

तुमी काही म्हना, सुभाषवर मले पयलेपासूनच शक होता. आमी दोघं रविवारी अमरावतीहून सायकलनं लांब लांब जातो. मी जेलवाली सीट घेतली, स्प्रिंगवाली घेतली, मधात खाच असलेलीबी घेतली. तरी घरी आल्यावर उभ्यानंच जेवतो. अन् हा गडी जुन्या कडक सीटवर गाणे म्हनत येते!

"काहून बे, तुले दुखत नाही?"

"सवय लागते, भाऊ."

सवय? हा माणूस सिनेमात मध्यांतरापर्यंत सरळ बसत नाही! एकदा तो चहा सांगाले गेला, तवा मी त्याची सीट दाबून पाह्यली. निरा दगड. शक आणखीनच वाढला.

मंग एका रविवारी अकोल्याले माह्या मावशीकडं गेलो. मावशीनं खाली सतरंजी टाकली, आमी शेजारी शेजारी जेवाले बसलो. सुभाष माह्याहून बुटका, पण बसल्यावर मलेच वरून पाहून राहिला. मावशी वाढता वाढता थांबली.

"काहून रे, पाट तर मी कोणालेच देल्ला नाही!"

"उठ," मी म्हटलं. उठला. ढिल्ल्या पँटीत मागून, आतल्या बाजूनं, घरच्या कापसाची चांगली जाड गादी शिवलेली!

"सांगितलं काहून नाही?"

"तू इचारलं, दुखते काय. गादी हाये काय, असं कुठं इचारलं?"

तवापासून सोबत सायकल चालवाले कोणी नवा आला, का मी त्याले पयले जमिनीवर बसवून पाह्यतो.